लोड टेस्टिंगचं टूल निवडण्याआधीची तयारी

मागच्या जूनमध्ये एका प्रवेश पोर्टलचं लोड टेस्टिंग, म्हणजे खोटी गर्दी सोडून सर्व्हर किती झेपवतो ते बघणं, मी केलं होतं. रिपोर्ट स्वच्छ आला. फॉर्म सकाळी दहाला उघडला आणि दहा मिनिटांत पोर्टल झोपलं. पोरं आणि त्यांचे आईवडील दुपारपर्यंत सायबर कॅफेत ताटकळत बसले होते. टूल निवडताना एक प्रश्न विचारायचा राहून गेला, त्याची ही किंमत. आता तसंच दुसरं काम हातात आहे, म्हणून यादी आधीच लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी आकडा. कुणी नुसतं ‘पाच हजार युजर’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका. एकाच वेळी लॉगिन असलेले पाच हजार, की मिनिटाला नवे येणारे पाच हजार? जुने ॲक्सेस लॉग (सर्व्हरवर आलेल्या रिक्वेस्टची नोंद) उघडा, गर्दीच्या दिवसातलं सर्वांत वाईट मिनिट शोधा आणि त्यात सेकंदाला किती रिक्वेस्ट आल्या ते कागदावर लिहा. हा आकडा हातात नसेल तर टूलची चर्चा सुरूच करू नका.

प्रोटोकॉल बघा, म्हणजे तुमची सिस्टिम कुठल्या पद्धतीने बोलते आणि टूलला ती येते का. साधं एचटीटीपी सगळेच करतात. वेबसॉकेट, जीआरपीसी किंवा थेट डेटाबेस असेल तर आधी तपासा.

आता तो राहून गेलेला प्रश्न: सर्व्हर मंदावला की टूल त्याच्यासाठी थांबतं का?

समजा 100 थ्रेड (टूलमधले खोटे युजर) लावले आणि प्रत्येक रिक्वेस्टला 0.1 सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला 1,000 रिक्वेस्ट. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये सर्व्हर एकदाच, 10 सेकंद गोठला. प्रत्येक थ्रेड आपल्या उत्तराची वाट बघत बसतो, नवीन काही पाठवतच नाही. त्यामुळे रिपोर्टात जवळपास 5,90,000 जलद नोंदी येतात आणि संथ फक्त 100. 99 पर्सेंटाइल, म्हणजे 99 टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपल्या ती वेळ, 0.1 सेकंदच दिसतं, 99.9 सुद्धा तेवढंच. खरी माणसं मात्र थांबत नाहीत. त्या 10 सेकंदांत 10,000 रिक्वेस्ट येऊन तुंबल्या असत्या आणि 99 पर्सेंटाइल 4 सेकंदांच्या आसपास गेलं असतं. टूल थांबल्यामुळे हा खोळंबा रिपोर्टातून असा गळतो, याला कोऑर्डिनेटेड ओमिशन म्हणतात. माझ्या हिरव्यागार रिपोर्टात नेमकं हेच दडलं होतं.

म्हणून प्रत्येक टूलला हाच प्रश्न विचारा. जेमीटरचा नेहमीचा थ्रेड ग्रुप थांबतो, 5.5 पासून त्यात ओपन मॉडेल (उत्तराची वाट न बघता नवे युजर पाठवत राहणारा) थ्रेड ग्रुप आहे, तो घ्या. कॉन्स्टंट थ्रूपुट टायमरवर विसंबू नका, तो थ्रेडना फक्त धीमं करू शकतो, वेग वाढवू शकत नाही. के-सिक्सला नुसते युजर आणि वेळ दिली तर तेही थांबतं. कॉन्स्टंट अरायव्हल रेट (ठरावीक दराने पाठवत राहणं) वापरा आणि शेवटी ड्रॉप्ड इटरेशन्सचा, म्हणजे पाठवताच न आलेल्या फेऱ्यांचा, आकडा बघाच. तो शून्य नसेल तर ठरवलेला लोड गेलेलाच नाही. गॅटलिंगमध्ये ओपन (न थांबणारा) आणि क्लोज्ड (थांबणारा) असे दोन्ही प्रकार सरळ निवडता येतात. लोकस्टचा प्रत्येक युजर उत्तर येईपर्यंत थांबतो, हे गृहीत धरा. व्हेजिटा आणि डब्ल्यूआरके-टू ठरावीक दराने मारा करतात, पण लॉगिन, फॉर्म, पेमेंट असा लांब प्रवास त्यांच्यात बसवणं त्रासाचं आहे.

माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. मधेच 10 सेकंद गोठणारा एक छोटा डमी सर्व्हर लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि टूल त्याच्यावर सोडा. रिपोर्टात ते गोठणं 99 पर्सेंटाइलला दिसलं नाही, तर सेटिंग बदला किंवा टूल बदला. हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

स्क्रिप्टची भाषा टीमला येणारी हवी. के-सिक्सला जावास्क्रिप्ट, लोकस्टला पायथन. जेमीटरच्या एक्सएमएल फाइलींचा गिटमध्ये रिव्ह्यू करणं फार जड जातं, हा माझा अनुभव. लॉगिननंतर येणारा टोकन (युजरची ओळख सांगणारा कोड) प्रत्येक युजरसाठी वेगळा पकडता येतो का, तेही बघा. नाहीतर शंभर जण एकाच सेशनमध्ये घुसतात आणि सगळं कॅशमधून जलद येतं.

लायसन्स वाचा. लोडरनरसारख्या टूलमध्ये व्हर्च्युअल युजरच्या संख्येवर पैसे मोजावे लागतात.

लोड पाठवणारं मशीन आधी मोकळं करा. लिनक्सवर उघड्या फाइलींची मर्यादा बहुधा 1,024 असते, ती वाढवा. बाहेर जाणारे पोर्ट साधारण 28,000च मिळतात. जेमीटरचा लोड जीयूआयमधून (बटणांच्या खिडकीतून) कधीही चालवू नका, कमांड लाइनवरूनच. या मशीनचा सीपीयू भरला तर टूल पुन्हा थांबायला लागतं, म्हणजे फिरून तीच चूक.

बाकीचं थोडक्यात. टेस्ट डेटा खोटा पण भरपूर. ओटीपी आणि पेमेंटच्या जागी डमी सर्व्हिस, खऱ्या लोकांना मेसेज जाता कामा नयेत. सर्व्हरवर मॉनिटरिंग चालू. होस्टिंगवाल्यांची लेखी परवानगी. टेस्टची वेळ रात्रीची. आणि डमी सर्व्हरची ती चाचणी झाली का, ते टेस्टच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा.