ब्रेलच्या अक्षरफळ्या करता करता शिकलेलं फॅब्रिकेशन

फॅब लॅबमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन्सनी वस्तू बनवायच्या कार्यशाळेत, नव्याने आलेला जो तो आधी थ्रीडी प्रिंटरकडे धावतो. माझं ऐकाल तर सुरुवात लेझर कटरपासून करा. प्रिंटरवर एक चूक कळायला तीन तास जातात, लेझरवर दोन मिनिटांत कळते. त्याहूनही आधी खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर हवा. मशीन चालवणं आठवड्याभरात जमतं, मापं घ्यायची सवय लागायला फार वेळ लागतो.

आमच्या गटाचा डिझाइन प्रोजेक्ट होता दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेल अक्षरफळ्या (एका फळीवर एक अक्षर) आणि त्या ठेवायची लाकडी पेटी. विषय निवडताना हेच पाहा, की एकाच वस्तूत दोन-तीन मशीन्स आपसूक लागतील आणि वस्तू दप्तरात मावेल. ड्रोन, रोबोट वगैरे पहिल्या प्रोजेक्टला नकोत. त्यात सगळा वेळ वायरिंगमध्ये जातो आणि फॅब्रिकेशन शिकायचं राहून जातं.

काहीही कापण्याआधी आम्ही ब्रेल शिकवणाऱ्या एका बाईंना भेटलो. कागदावरचं स्केच समजावून सांगितल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "फळी उलटी धरली तर पोराला कळणार कसं रे?" ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात, डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. १९५१ पासून चालत आलेल्या भारती ब्रेलमध्ये 'क' म्हणजे १ आणि ३, 'ख' म्हणजे ४ आणि ६. आता 'क'ची फळी वरची कड खाली येईल अशी फिरवा. सरळ 'ख' होतो! म्हणून प्रत्येक फळीचा उजवा वरचा कोपरा तिरपा छाटायचा ठरलं, सिमकार्डाला असतो तसा. दुसरी गोष्टही त्यांनीच सांगितली. आपण छापतो तेव्हा 'कि'ची वेलांटी आधी दिसते, ब्रेलमध्ये मात्र आधी 'क' आणि मग 'इ'. फळ्यांचा क्रम त्यानुसार लावला. असली माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरच्या ट्युटोरियलमध्ये मिळणार नाही.

आता पेटी. दुकानदार ज्याला ३ मिमी प्लाय म्हणतो, तो व्हर्नियर लावल्यावर एका टोकाला २.८ आणि दुसऱ्या टोकाला ३.१ निघू शकतो. त्यातच लेझरचा किरण स्वतःच्या जाडीएवढं लाकूड जाळून टाकतो. त्याला कर्फ म्हणतात आणि तो साधारण ०.१ ते ०.२ मिमी असतो. म्हणून फिंगर जॉइंटची, म्हणजे कडांचे दाते एकमेकांच्या खाचांत अडकवून जोडायची, पेटी थेट कापू नका. त्याच शीटच्या तुकड्यावर २.६ पासून ३.३ पर्यंत ०.१ ने वाढणाऱ्या खाचांची एक पट्टी कापा. ज्या खाचेत प्लाय अंगठ्याने दाबल्यावर बसतो आणि उलटा धरला तरी पडत नाही, ते तुमचं माप. शीट बदललं की पट्टी पुन्हा कापायची.

कापण्याचा क्रमही लक्षात ठेवा: आधी कोरीवकाम, मग आतली भोकं, सगळ्यात शेवटी बाहेरची कड. कड आधी कापली तर तुकडा सुटून हलतो आणि आतलं सगळं सरकतं. काम झाल्यावर शीट न हलवता तुकडा बोटाने हळूच दाबून पाहा. प्लायमध्ये डिंकाची गाठ असेल तिथे कट पूर्ण होत नाही, आणि शीट एकदा हललं की पुन्हा त्याच रेषेवर किरण आणणं महाकठीण.

मराठी अक्षरं कोरायची असतील तर आणखी एक भानगड. फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की काना-मात्रा विस्कटतात, म्हणून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्येच अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा, करून घ्या. तेवढ्यावर थांबू नका. देवनागरीत शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. युनियन करून त्यांचा एकच आकार केला नाही तर लेझर प्रत्येक जोडावर आडव्या-उभ्या रेघा मारत बसतो. आणि अक्षर आरपार कापणार असाल तर 'व'च्या पोटातला गोल गळून पडेल, त्याला बाकीच्या लाकडाशी जोडणारा बारीक पूल ठेवा.

एक नियम मात्र कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका. पीव्हीसी प्लास्टिक किंवा रेक्झीन लेझरखाली घालायचं नाही. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसाच्या फुप्फुसालाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. कापत असताना चहाला जाणं हेही तितकंच वाईट, प्लाय पेटतो.

फळ्या प्रिंटरवर केल्या. ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्धा मिमी उंच, दोन ठिपक्यांत अडीच मिमीच्या आसपास अंतर. ०.४ मिमीचा नोझल (प्लास्टिक बाहेर पडतं ते तोंड) आणि ०.२ मिमीचा थर धरला, तर फळी आडवी ठेवून छापल्यावर ठिपक्याच्या वाट्याला दोन-तीन थर येतात. वर टोकदार कण राहतो, बोटाला टोचतो. तीच फळी उभी छापली की ठिपक्याची गोलाई थराथराने नीट येते आणि बोट सहज सरकतं. उभी फळी छापताना डळमळते, म्हणून स्लाइसरमध्ये, म्हणजे वस्तूचे थर पाडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तळाला ब्रिम, म्हणजे आधाराची पातळ कड, द्या. डोळ्याने पाहिलं तर दोन्ही फळ्या सारख्याच वाटतात. पारखायचं असेल तर डोळे मिटून बोट फिरवा, आणि शेवटचा शब्द ब्रेल वाचणाऱ्याचा.

प्रिंटरमध्ये घालायचं पीएलए हे नवख्यांचं प्लास्टिक आहे, २०० अंशांच्या आसपास छापता येतं आणि फारसं वाकत नाही. पण साधारण ६० अंशांना ते मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत फळ्या ठेवल्या तर पापड मिळतील.

सीएनसी राउटरबद्दल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनबद्दल, थोडक्यात. फिरणारा गोल कटर आतला कोपरा कधीच काटकोनात कापू शकत नाही, त्यामुळे तिथे कटर थोडा पुढे नेऊन जागा करून द्यावी लागते. एवढं समजलं की बाकीचं उस्तादासमोर उभं राहून शिका, एकट्याने नाही.

कॉलेजात लॅब नसेल तर? पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला. एमआयटी विद्यापीठातले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅब कल्पनेतून अमेरिकेबाहेर ज्या पहिल्या लॅब उभ्या राहिल्या, त्यांत तिथली एक. एकदा जाऊन या. शेतीची अवजारं आणि लेझर कटर एकाच आवारात नांदताना दिसतात. रोजच्या कामाला मात्र लेझर कटर असलेला गावातला साइनबोर्डवाला पुरतो. तो बहुतेक वेळा मिनिटावर पैसे घेतो. फाइल डीएक्सएफ या रेखाचित्रांच्या फॉरमॅटमध्ये न्या, स्क्रीनवर आली की एखादी बाजू त्याच्यासमोरच मोजा, कारण मिलिमीटरचे इंच झालेले असतात. आणि चाचणीची पट्टी आधी कापून मागा. कुरकुर करेल, पण देईल.