रोज चालवायची एमजीबी: घेताना, दुरुस्त करताना आणि विकताना

जुनी स्पोर्ट्‌स कार घेणारे बहुतेक हौशी लोक ती गॅरेजमध्ये झाकून ठेवतात आणि उन्हाळ्यातल्या मोजक्या रविवारी बाहेर काढतात. तीच गाडी पावसापाण्यात रोज कामावर न्यायची असेल, तर निवड, दुरुस्ती आणि पुढची विक्री या तिन्हींचा हिशेब बदलतो. ब्रिटनमध्ये राहून असा बेत करणाऱ्यांसाठी एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबी या जुन्या स्पोर्ट्‌स कारइतकी सोयीची गाडी शोधून सापडणे कठीण आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बांधल्या गेल्या. त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो आणि 1,798 सीसीचे साधे, दणकट इंजिन कोणत्याही जुन्या मेकॅनिकला तोंडपाठ असते.

मॉडेल निवडताना हौसेपेक्षा वापराकडे पाहावे. कापडी छताची रोडस्टर देखणी असली, तरी नोव्हेंबरच्या रिमझिमीत रोज प्रवास करणाऱ्याला 1965 पासून मिळू लागलेली पक्क्या छताची जीटी अधिक मानवते, कारण ती उबदार असते, तिला मागे उघडणारा मोठा दरवाजा असतो आणि ती सहसा स्वस्तही मिळते. 1967 च्या अखेरीस आलेल्या मार्क टू मालिकेत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (दाते न घासता गिअर पडू देणारी रचना) मिळाला, डायनमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह अर्थिंग (बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडण्याची पद्धत) जाऊन निगेटिव्ह आले. रोजच्या वापरासाठी या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. 1974 च्या शरद ऋतूत अमेरिकेतील सुरक्षा नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची सुमारे दीड इंचाने वाढवण्यात आली. वळणावरची तिची पकड त्यामुळे बिघडली. 1976 च्या सुधारणांत ती बरीचशी सावरली, पण शौकिनांच्या मनातून ही मॉडेले उतरली ती उतरलीच. माझ्या मते रोज गाडी चालवणाऱ्याने याच नावडतीकडे आवर्जून पाहावे. तेवढ्याच पैशांत अधिक सुस्थितीतली गाडी मिळते आणि 1975 पासून ओव्हरड्राइव्हही, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअरही, मूळ गाडीसोबतच येऊ लागला होता. मोटरवेवर रोज जाणाऱ्याने ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी घेऊ नये, कारण त्याशिवाय ताशी 70 मैलांना इंजिन नाहक ओरडत राहते.

आता पत्र्याविषयी, आणि याविषयी जरा सविस्तर सांगायला हवे. एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते आणि त्या बॉडीचा कणा म्हणजे दरवाजाखालची सिल. सिल म्हणजे एक पट्टी नसून बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, त्यांच्यामधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल असे भाग जोडून तयार झालेली पोकळ पेटी आहे. ही पेटी पुढे मडगार्डच्या आत आणि मागे चाकाच्या कमानीपर्यंत जाते. हिवाळ्यात ब्रिटिश रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकांनी उडवलेला तो खारा चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचतो आणि कोकणच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज जसे आतून पोखरतात, तशी ही पेटी आतून जाते. बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत चकचकीत राहू शकतो.

म्हणून गाडी पाहायला जाताना एक लहान लोहचुंबक, मऊ फडके आणि टॉर्च सोबत न्यावी. फडक्यात गुंडाळलेले चुंबक सिलच्या खालच्या कडेवर आणि मडगार्डच्या तळाशी फिरवावे. जिथे ते पकडत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. मग मालकाच्या परवानगीने सिलजवळच्या जॅकच्या जागी जॅक लावून एक बाजू हळूहळू उचलावी आणि दरवाजाच्या मागच्या फटीवर नजर ठेवावी. धडधाकट गाडीत ती फट जवळजवळ तशीच राहते. ती वरच्या बाजूला मिटू लागली किंवा दरवाजा अडकू लागला, तर बॉडी वाकते आहे हे उघड आहे. रोडस्टरला छताचा आधार नसल्यामुळे तिच्यात हा दोष अधिक लवकर दिसतो. आतले कार्पेट उचलून फ्लोअर पाहावा आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात, ती जागाही टॉर्चच्या उजेडात नीट तपासावी.

सिल बदलायची वेळ आली, तर जुन्यावर नवा पत्रा चढवून वेल्डिंग करून देणाऱ्याकडे गाडी देऊ नये. असे काम स्वस्तात होते, एखाद्या तपासणीतून निभावूनही जाते, पण आतला गंज तसाच राहतो आणि पुढे दुप्पट खर्च करायला लावतो. योग्य पद्धत अशी: गाडी सपाट जमिनीवर समतोल टेकवावी, दरवाजे काढून टाकण्याऐवजी बसवलेलेच ठेवून फटींची मापे लिहून घ्यावीत आणि मग दरवाजाच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी नळीचा आधार वेल्ड करावा. एका वेळी एकच बाजू कापावी. पुढचे मडगार्ड काढावे आणि सिलचा पुढचा-मागचा झाकलेला भागही उघडा करून चांगला पत्रा लागेपर्यंत गंज काढावा. वेल्ड होणाऱ्या कडांना जस्तयुक्त प्रायमर लावावा. नवा भाग आधी क्लॅम्पने धरून दरवाजा उघडून-मिटून पाहावा आणि फट जुळल्याखेरीज पक्के वेल्डिंग करू नये. काम संपल्यावर पेटीच्या आत मेण फवारावे आणि तळाची पाणी निघून जाण्याची भोके त्या मेणाने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासावे. ही भोके बुजल्यामुळे नवी सिलसुद्धा काही वर्षांत गेल्याची उदाहरणे आहेत.

बॉडी सगळीकडूनच गेली असेल, तर ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था 1988 पासून मूळ साच्यांवर घडवलेले संपूर्ण नवे बॉडीशेल पुरवते. तो मार्ग उत्तम असला तरी खर्चिक आहे आणि साध्या एमजीबीच्या विक्रीतून तो खर्च सहसा भरून निघत नाही. ज्याला गाडी पुढची वीस वर्षे स्वतः वापरायची आहे, त्यानेच त्याचा विचार करावा.

यांत्रिक भागांची चिंता त्यामानाने कमी आहे. गरम इंजिनावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब दर चौरस इंचाला 50 ते 80 पौंड आणि आयडलिंगला 10 ते 25 पौंड असावा. याहून फार कमी दिसल्यास बेअरिंगच्या खर्चाची तरतूद ठेवूनच भाव करावा. तारांची चाके असतील, तर गाडी एकदा पुढे, एकदा मागे घेऊन कान द्यावा. प्रत्येक वेळी दिशा बदलताना कटकन आवाज आला, तर हबचे (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचे) दाते झिजलेले असतात. इग्निशन चालू करताच मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते आणि काही क्षणांत ती मंदावते. ती वेगाने चालूच राहिली, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीतून हवा ओढली जात आहे, असे समजावे. ठिणगीची वेळ साधणाऱ्या यांत्रिक पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला विजेवर चालणारा पंखा आणि हेडलाइटसाठी रिले (स्विचवरचा विजेचा भार कमी करणारे उपकरण) या तीन सुधारणा रोजच्या गाडीत निःसंकोच कराव्यात. काढलेले मूळ भाग मात्र पेटीत जपून ठेवावेत, विक्रीच्या वेळी ते उपयोगी पडतात.

पेट्रोलकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सप्टेंबर 2021 पासून ग्रेट ब्रिटनमधील साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात व तडकतात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या बसवाव्यात आणि शक्यतो 5 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले सुपर पेट्रोलच भरावे. मूळ सिलिंडर हेड शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनवलेले होते, आजचे पेट्रोल मात्र शिसेविरहित असते. त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट टणक बसवल्या आहेत का, हे बिले पाहून खात्री करून घ्यावे.

नेहमीची देखभाल कष्टाची नाही, पण ती टाळून चालत नाही. दर तीन हजार मैलांनी पुढच्या किंगपिनना (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्यांना) ग्रीस द्यावे आणि त्या वेळी पुढची चाके जॅकवर उचललेली असावीत, कारण गाडीचे वजन चाकांवर असताना ग्रीस सगळीकडे पोहोचत नाही. एसयू कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यातले ऑइल पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. ते संपले की गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच अडखळते आणि अनेक जण विनाकारण कार्बोरेटर उघडून बसतात. इंजिनात 20डब्ल्यू-50 ऑइल वापरावे. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा गाडीचा तळ आणि चाकांच्या कमानी साध्या पाण्याने धुवाव्यात.

कायद्याची बाजू मालकाच्या सोयीची आहे. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही, मात्र शून्य रकमेचा टॅक्सदेखील दरवर्षी नोंदवावा लागतो. ऐतिहासिक वाहनाच्या वर्गात नोंद असलेल्या अशा गाडीला लंडनचे यूलेझ शुल्क (अधिक प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचे) माफ आहे, कंजेशन चार्ज (मध्य लंडनमधले गर्दीचे शुल्क) मात्र माफ नाही. मे 2018 पासून मोठे फेरफार न केलेल्या चाळीस वर्षांवरील गाड्यांना एमओटी या वार्षिक सुरक्षा तपासणीची सक्ती उरलेली नाही. तरीही रोज रस्त्यावर येणारी गाडी दरवर्षी तपासून घ्यावी, कारण गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते आणि तपासणीचे कागद पुढे विकताना कामी येतात. क्लासिक गाड्यांचा विमा स्वस्त असतो, पण त्यात मैलांची मर्यादा असते आणि अनेकदा कामावर जाण्या-येण्याचा प्रवास वगळलेला असतो. हे कलम वाचून बदलून घ्यावे आणि गाडीची किंमत आधीच ठरवणारी पॉलिसी मागावी.

विक्रीची तयारी खरेदीच्या दिवसापासूनच सुरू करावी. प्रत्येक बिल, एमओटीचा प्रत्येक कागद आणि पत्राकाम चालू असताना काढलेली छायाचित्रे तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावीत. सिल उघडी असतानाची दोन स्पष्ट छायाचित्रे ग्राहकाला नव्या रंगापेक्षा अधिक पटतात, कारण तीच एक जागा त्याला स्वतःला पाहता येत नाही. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदवहीवर आधारित हेरिटेज सर्टिफिकेट मागवावे. त्यात गाडीचा मूळ रंग आणि बांधणीची तारीख मिळते.

रोडस्टर वसंत ऋतूच्या तोंडावर विकायला काढावी, जीटीला ऋतूचे एवढे बंधन नाही. वर्णनात दोष स्वतःहून लिहावेत, कारण चुकीचे वर्णन करून विकल्यास खासगी विक्रेताही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. ग्राहक येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवू नये. अनुभवी माणूस आल्याबरोबर बोनेटला हात लावून पाहतो आणि ते गरम लागले की भाव पाडतो. त्याला गाडी चालवायला देण्यापूर्वी त्याचा विमा तपासावा. मालकांच्या क्लबमधून झालेल्या विक्रीत भाव बहुधा रास्त मिळतो. लिलावात व्यवहार लवकर होतो, पण कमिशन जाते. रक्कम बँकेत जमा झाल्याचे पाहिल्यावरच किल्ली द्यावी, व्ही-फाइव्ह-सी या नोंदणीच्या कागदातील नव्या मालकाचा हिरवा भाग त्याच्या हाती द्यावा आणि डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला त्याच दिवशी ऑनलाइन कळवावे. जुन्या मालकाच्या नावावरचा टॅक्स नव्या मालकाकडे जात नाही, तेव्हा शून्य रकमेचा का होईना, तो गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी त्याने स्वतः भरायचा आहे, हे त्याला तिथेच सांगावे.