काळ्या तिखटातला लाल घेवडा

सोलापुरात झणझणीत कडधान्याचा विषय निघाला की बहुतेकांना मटकी नाहीतर हुलगे आठवतात, पण आमच्या घरात थंडीच्या दिवसांत खरा मान असे तो काळ्या तिखटातल्या लाल घेवड्याला. वडील कापड गिरणीत कामाला होते, आणि त्यांची दुसरी पाळी असली की घेवड्याचे पातेले रात्री उशिरापर्यंत चुलीच्या वैलावर बसलेले असे. आम्ही मुले जेवून निजलेलो असायचो, तरी ते येऊन ताटावर बसले की तर्रीच्या वासाने निदान एकजण तरी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसे. ती कृती आजीने कधी सांगितली नाही. तिच्या हाताखाली राबताना जी कळली ती येथे वजनमापांसह देत आहे. हे प्रमाण चार माणसांना पुरते.

घेवडा २५० ग्रॅम घ्यावा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातला, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला वाघ्या घेवडा मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा लाल राजमा चालतो. दाणा चकचकीत आणि नव्या हंगामाचा असावा. वर्ष-दीड वर्ष डब्यात पडून राहिलेला घेवडा कितीही शिजवला तरी आतून कचकचीतच राहतो, आणि त्याचा दोष उगाच कुकरवर जातो. निवडलेला घेवडा दीड लिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून ८ ते १० तास भिजवावा. भिजवताना मीठ घातले की दाणा कडक होतो असे पुष्कळजण सांगतात, पण अनुभव उलटा आहे: या मिठाने साल मऊ पडते आणि शिजताना फाटत नाही. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्याच्या अंशाने मात्र दाणा खरोखरच अडतो, म्हणून भिजवायला आणि शिजवायला पिण्याचे गोडे पाणी वापरावे.

भिजवणीचे पाणी फेकून द्यावे, घेवडा ताज्या पाण्यात घालावा आणि त्याला मोठ्या आचेवर निदान १० मिनिटे खळाखळा उकळी आणावी. ही पायरी गाळू नये. कच्च्या लाल घेवड्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन असते, ते कडक उकळीनेच निकामी होते, आणि नुसत्या मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या मूठभर दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. आजीला लेक्टिन ठाऊक नव्हते, परंतु घेवड्याला एकदा मोठ्या जाळावर चांगली उकळी आल्याखेरीज ती पातेले वैलावर सरकवत नसे. उकळीनंतर कुकरमध्ये ५ ते ६ शिट्ट्या कराव्यात, किंवा उघड्या पातेल्यात तास-दीड तास शिजवावे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला तरच तो शिजला असे समजावे. शिजवलेले पाणी टाकू नये.

या टप्प्यापर्यंत चिंच, टोमॅटो, आमसूल यांपैकी काहीही आत जाता कामा नये. एकदा आजी गावी गेलेली असताना आत्याने घाईघाईत चिंच आधीच घातली, आणि त्या रात्री वडील काही न बोलता एकेक दाणा दाढेखाली फोडत जेवले. परत आल्यावर आजी एवढेच म्हणाली, "आंबट पडलं की दाणा रुसतो." आंबटाने दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ विरघळेनासा होतो, हे पुढे वाचनात आले तेव्हा मला आत्याच आठवली.

वाटणासाठी दोन मोठे कांदे सालीसकट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून सोलावेत. ५० ग्रॅम सुके खोबरे आणि चमचाभर तीळ वेगवेगळे खरपूस भाजावेत, आणि १० लसूण पाकळ्या व इंचभर आले घालून हे सर्व बारीक वाटावे. काळे तिखट दोन मोठे चमचे लागते. मिरची, धणे, खोबरे, तळलेला कांदा, दगडफूल, लवंग, दालचिनी असे सगळे तेलात परतून उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेले घरचे तिखट असेल तर दुसरा कोणताही मसाला घालू नये. गरम मसाल्याची चिमूटही त्याची चव बिघडवते. विकतचे असेल तर आधी जिभेवर ठेवून पाहावे, कारण काही तिखटे रंगाने काळी आणि चवीने नुसती जहाल असतात.

पातेल्यात पाच मोठे चमचे शेंगदाणा तेल तापवून वाटण त्याला तेल सुटेपर्यंत परतावे. मग आच अगदी कमी करून हळद आणि काळे तिखट घालावे, आणि लगेच घेवड्याचे पळीभर पाणी ओतावे, म्हणजे तिखट जळत नाही. आता घेवडा, उरलेले पाणी, मीठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घालून पळीभर दाणे पातेल्याच्या कडेला रगडावेत. रस्सा त्यानेच मिळून येतो. वरून लागणारे पाणी उकळतेच घालावे, थंड पाण्याने तर्री बसते. १५ मिनिटे उकळल्यावर सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ आणि गुळाचा लहान खडा घालून आणखी १० मिनिटे मंद आचेवर ठेवावे.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात याच्याच जवळचा चिली नावाचा पदार्थ आहे, आणि १९७७ साली तो राज्याचा अधिकृत पदार्थ ठरला; पण तिथले जुन्या वळणाचे लोक त्यात फक्त मांस आणि मिरची घालतात, घेवडा मुळीच नाही. मिरची आणि हा घेवडा दोन्ही मूळचे अमेरिका खंडांतले, तेव्हा त्यांची ही ताटातूट मला तरी पटत नाही.

उतरवल्यावर अर्धा तास झाकून ठेवावे आणि वाढताना ढवळू नये. सोबत ज्वारीची कडक भाकरी हवी. वडील ती ताटात चुरून मध्ये आळे करत, त्यात आधी नुसती तर्री ओतून घेत, आणि उठून आलेल्या मुलाला पहिला घास त्या आळ्याच्या काठाचा, कमी तिखट, देत.