अडेनियम उन्हाने मरत नाही: खान्देशातल्या गच्चीवर या चुका टाळा

भुसावळ-जळगावकडे कुंडीतलं अडेनियम (डेझर्ट रोझ, फुगीर बुंध्याचं फुलझाड) गेलं की पहिला ठपका उन्हावर येतो. पारा पंचेचाळीसवर, मग कसं टिकणार, असं म्हणून माणूस मोकळा होतो. पण या झाडाचं माहेर आहे आफ्रिकेत सेनेगलपासून सोमालिया-केनियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात, आणि समुद्रापलीकडे येमेन-ओमानच्या खडकाळ उतारांवर. त्याला आपला वैशाख परका नाही. आपल्याकडची अडेनियमं जातात ती आषाढ-श्रावणात. आणि त्यातल्या बऱ्याच झाडांचं नुकसान आधी उन्हाळ्यातच होऊन गेलेलं असतं.

ते असं. अडेनियमला पाणी चालत नाही हे प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेलं असतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी घालतात. पसरट कुंडीतली माती दोन दिवसांत भाजून निघते, बारीक मुळ्या वाळून मरतात. झाड बुंध्यातल्या साठ्यावर तग धरतं, म्हणून वरून काही कळत नाही. मग जुलैत झड लागते. मेलेल्या मुळ्या ओल्या मातीत कुजतात आणि कूज तिथून बुंध्यात चढते. पानं पिवळी पडून गळायला लागली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘पानी दे ना भो त्याले!’ तिथे झाडाचा निकाल लागतो.

काळी माती कुंडीत नको

कपाशीला सोन्यासारखी असलेली माती अडेनियमच्या मुळावर येते. काळी माती ओली झाली की फुगते, हवा कोंडते, आठवडाभर ओल सोडत नाही. सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. थोडीशी मिसळली तर काय होतं, असं विचारणारे खूप भेटतात. वाळूच्या फटी तेवढीच माती बुजवते, म्हणून मी तर अजिबात घालू नका म्हणेन.

मायदेशात हे झाड पावसाळ्यातच जोमाने वाढतं. त्याचं वैर पावसाशी नाही, मुळांशी थांबलेल्या पाण्याशी आहे. म्हणून मिश्रण असं करा: दोन भाग भरड (चाळलेली जाड वाळू, सिंडर म्हणजे जळलेल्या कोळशाचे खडे, किंवा लाल विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे) आणि एक भाग कोकोपीट व पूर्ण कुजलेलं शेणखत मिळून. विटेचा चुरा चाळून त्यातली भुकटी फेकून द्या, नाहीतर तीच गाळासारखी तळाशी बसते. आणि वीट भाजलेल्या लाल मातीचीच घ्या. औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेल्या करड्या विटांत चुना किंवा सिमेंट असतं. आपलं पाणी आधीच क्षारांचं, त्यात आणखी भर नको.

मिश्रण जमलं की नाही हे बघायला भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. पंधरा-वीस सेकंदांत खालून धार लागली तर ठीक. वर डबकं साचून राहिलं तर पुन्हा चाळणी हातात घ्या.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटच्या गोळ्यात असतं. तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवून भोवती मिश्रण भरलं तर मधोमध ओला बोळा राहतो. कोकोपीट हाताने सोडवून काढा, तुटक्या मुळ्या छाटा, रोप दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवा, मग लावा. आणि लावल्या लावल्या लगेच पाणी नको. या कामाला होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा काळ उत्तम, पावसाळ्यात ते काढूच नका. कुंडी मात्र बेताची घ्या. छोट्या रोपाला मोठी कुंडी दिली की जिथे मुळं नाहीत तिथली माती ओलीच राहते.

पाण्याचं वेळापत्रक

उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की लहान पसरट कुंडीला रोज, मोठीला एक दिवसाआड, भरपूर पाणी. तेही सकाळी लवकर. संध्याकाळी घालायचं असेल तर आधी पाइपात हात धरून बघा. गच्चीवर दिवसभर पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देतं. ते गार होईपर्यंत बादलीत सोडा, मग कुंडीकडे वळा. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या थेट स्लॅबवर ठेवल्या तर खालून आणि पश्चिमेच्या बाजूने मुळं भाजतात. खाली दोन विटा सरकवा, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरची ओळ मातीच्या कुंड्यांची करा. ग्रीन नेट शक्यतो नको. फार तर भर मे महिन्यात नव्या रोपांना दुपारची सावली द्या.

मृगाचा पहिला पाऊस मात्र झाडांना खुशाल खाऊ द्या. वर्षभर बोअरच्या पाण्याने साचलेले क्षार त्यात धुऊन निघतात. कुंडीच्या काठावर दिसणारा पांढरा थर त्याचाच. त्यानंतर झड लागली की कुंड्या पत्र्याखाली किंवा छज्जाखाली घ्या, आणि कुंडीखालच्या ताटल्या तर सगळ्यात आधी काढा. उलट, पावसाने ओढ दिली की पत्र्याखालच्या झाडांना आपणच पाणी घालायचं, हे ऑगस्टमध्ये हटकून विसरलं जातं.

दिवाळीनंतर हात आखडता घ्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, सातपुड्याच्या पायथ्याला तर नक्कीच. तेव्हा झाड पानं गाळून झोपतं. मेलं समजून उपटू नका. फांदीवर नखाने ओरखडा काढा, आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. पंधरा दिवसांतून एकदा थोडंसं पाणी, दुपारी ऊन असताना, एवढं पुरतं.

बुंधा मऊ लागतोय?

घाबरण्याआधी दोन्ही बाजूंनी दाबून बघा. सगळीकडून सारखाच मऊ, साल थोडी सुरकुतलेली आणि माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे. दोन-तीनदा नीट पाणी दिलं की काही दिवसांत पुन्हा टणक होतं. एकाच जागी बोट रुतत असेल, तिथली साल तपकिरी झाली असेल, पाणी सुटून वास येत असेल, तर ती कूज आहे. तिथे उद्यावर ढकलू नका.

झाड उपटा, मुळं धुवा. ब्लेड स्पिरिटने पुसून कुजलेला भाग काढत जा, आत स्वच्छ पांढरट गर लागेपर्यंत. तपकिरी ठिपका एवढासा जरी राहिला तरी तो पुन्हा पसरतो, म्हणून प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसा. जखमेवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. शेतकऱ्याच्या घरी ते बहुधा असतंच. मग झाड आठवडा-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर उलटं टांगून ठेवा. जखम कोरडी खडखडीत झाली की नव्या मिश्रणात लावा आणि पुढचा आठवडा पाणी विसरा. अर्धा बुंधा कापून काढलेली झाडंही यातून उठतात. आकार बिघडतो एवढंच.

हे करताना हातमोजे घाला. पांढरा चीक विषारी आहे, आफ्रिकेत तो बाणांना लावून शिकार करत. पीटर फोर्सकल या निसर्ग-अभ्यासकाच्या १७७५ साली छापलेल्या ग्रंथात या झाडाला कण्हेरीच्या वंशात जागा मिळाली होती. वंश पुढे वेगळा ठरला, पण कूळ एकच, आणि हृदयावर परिणाम करणारं विषही त्याच जातीचं. छाटलेल्या फांद्या शेळीपुढे टाकू नका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

शेतातलं खत, शेतातला पंप

ही खास आपल्याकडची चूक. केळीच्या ठिबकसाठी आणलेलं १९:१९:१९ हे विद्राव्य खत घरात असतंच, म्हणून कुंडीतही चमचाभर पडतं. पानांच्या कडा जळतात. विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत, आणि फक्त वाढीच्या दिवसांत. युरियाची तर चिमूटही नको. पानं लसलसतात, फांद्या लांबट होतात, फूल एक नाही.

फवारणीचा पंप त्याहून घातक. तणनाशक मारलेला पंप वरवर धुऊन त्यातच निंबोळी तेल फवारलं की नवी पानं अरुंद, पिळवटलेली येतात. टू-फोर-डी हे तणनाशक लागलेल्या कपाशीची पानं भेंडीसारखी होतात हे ज्याने पाहिलंय, त्याला हे दुखणं लगेच ओळखू येईल. कुंड्यांसाठी वेगळा छोटा पंप ठेवा, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. निंबोळी तेलही लिटरला पाच मिली, ऊन उतरल्यावरच.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. बहुधा मातीत लोह असतं, पण क्षारांमुळे झाडाला मिळत नाही. क्षारांतही झाडाला घेता येईल असं, लालसर रंगाचं ईडीडीएचए लोह अर्धा ग्रॅम लिटरला, मुळाशी द्या. उन्हाळ्यात पानांवर फिकट बारीक ठिपके आणि खालून जाळी असेल तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा चार-पाच दिवस मारा.

आणि एका रात्रीत पानंच गायब झाली तर रोगाचा विचार सोडा, फरशी बघा. कुंडीभोवती मिऱ्याएवढ्या गडद गोळ्या पडल्या असतील तर वर बोटभर लांब हिरवी अळी बसलेली आहे. शेपटीकडे छोटं शिंग असतं. हात लावला की डोकं आत ओढते आणि मानेवरचे दोन निळे डोळे फुगून समोर येतात. ते खरे डोळे नव्हेत, पक्ष्यांना भिववण्याचं सोंग आहे. कण्हेरीवर आणि तगरीवर हीच अळी येते. चिमट्याने उचलून बाजूला करा. यासाठी शेतातलं जहाल औषध काढायची काही गरज नाही. पानं पंधरा-वीस दिवसांत परत येतात.

फुलं का येत नाहीत

तीन-चतुर्थांश वेळा उत्तर एकच: ऊन कमी. पोर्चमधली प्रकाशाची जागा पुरत नाही, सहा तास थेट ऊन लागतं. दुसरं कारण, छाटणी नाही. कळ्या नव्या फुटव्यांच्या शेंड्यावर येतात, म्हणून महाशिवरात्र उलटली, थंडी ओसरली की फांद्या निम्म्यावर आणा. जितके शेंडे, तितके गुच्छ. कलमी झाडाच्या बुंध्यातून, जोडाच्या खालून फुटलेले धुमारे मात्र लगेच मोडा. ते दांडगे होऊन वरच्या जातीला उपाशी मारतात.

ऑनलाइन मिळणारी निळ्या आणि हिरव्या-जांभळ्या अडेनियमची बी घेऊ नका. निळं अडेनियम नसतंच, तो फोटोवर चढवलेला रंग आहे. शिवाय बियांपासून आलेलं झाड आईसारखंच फुलेल याची खात्री नसते. आवडत्या रंगासाठी फुललेलं कलमी रोप डोळ्यांनी बघून घ्या. बीच लावायची हौस असेल तर आपल्या किंवा ओळखीच्या झाडाची ताजी बी लावा. शेंगांची जोडी लागली की तिला दोरा गुंडाळून ठेवा. शेंग तडकली की दोन्ही टोकांना पिसं असलेल्या बिया वाऱ्यावर उडून शेजारच्या गच्चीवर पोचतात.