घरगुती फराळाची गूगलवर मोफत नोंद कशी करावी

चकली, अनारसे, भाजणी, गोडा मसाला घरून विकणाऱ्या बऱ्याच जणी वेबसाइटचा खर्च ऐकूनच मागे फिरतात. सुरुवातीला वेबसाइटची गरजच नसते. जवळपास कोणी ‘घरगुती फराळ’ शोधलं की गूगलच्या नकाशात जी नावं येतात, ती ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ची मोफत नोंद असते. एकच अट: ग्राहक तुमच्याकडे यायला हवेत किंवा तुम्ही त्यांच्या घरी माल पोहोचवायला हवा. सगळं कुरिअरनेच जात असेल, तर ही नोंद नियमात बसत नाही.

नोंद स्वतःच्या जीमेल खात्यातूनच करा, हे मी आग्रहाने सांगेन. भाच्याने किंवा एजंटाने आपल्या खात्यातून करून दिली, की पुढे साधा फोन नंबर बदलायलाही त्याच्याच मागे लागावं लागतं. मदत हवी असेल तर त्यांना मॅनेजर म्हणून जोडा, मालकी तुमच्याकडे ठेवा.

नाव पाकिटावर छापता तेच द्या. पुढे ‘पुण्यातील सर्वोत्तम चकली’ असं शेपूट जोडलं तर नोंद स्थगित होऊ शकते. घरचा पत्ता सगळ्यांना दिसायला नको असेल तर तो लपवता येतो. त्याऐवजी कोथरूड, कर्वेनगर, वारजे असे माल पोहोचवण्याचे भाग लिहा, असे २० पर्यंत चालतात. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात परंपरा, प्रेम वगैरे लिहिण्यापेक्षा काय मिळतं, ऑर्डर किती दिवस आधी द्यायची आणि घरपोच कुठवर, एवढं स्पष्ट सांगा.

मग पडताळणी, म्हणजे व्यवसाय खरा आहे याची गूगल खात्री करून घेतं. हल्ली त्यासाठी बरेचदा व्हिडिओ मागतात. गल्लीची पाटी, स्वयंपाकघर, सोऱ्या, वजनकाटा, नाव छापलेली पाकिटं आणि व्यवसायाचा कागद हे सगळं न थांबता एकाच चित्रीकरणात दाखवा. इथे एफएसएसएआयचं (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) नोंदणीपत्र उपयोगी पडतं. खाद्यपदार्थ विकायला ते तसंही लागतंच, आणि छोट्या व्यावसायिकांना त्याचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात, स्वतःच्याच पदार्थांचे काढा. नेटवरचा फोटो बघून ऑर्डर दिलेल्या गिऱ्हाइकाला डबा उघडल्यावर फरक कळतो. अभिप्राय मागायला संकोच नको, मात्र त्याबदल्यात सवलत देऊ नका. ते नियमाविरुद्ध आहे. तक्रार आली तर चिडून लिहू नका, काय दुरुस्त केलं ते सांगा.

भाव विचारणारे फोन कमी करायचे असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरा. तेही मोफत आहे. प्रत्येक पदार्थासमोर पाव किलो, अर्धा किलो असं वजन आणि दर टाका.

‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद बंद होईल’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. या नोंदीसाठी गूगल पैसे घेत नाही. पडताळणीचा ओटीपीही फोनवर कोणाला सांगू नका.

हे सगळं गणपतीच्या आसपास उरकून घ्या, म्हणजे पडताळणी अडली तरी दिवाळीच्या ऑर्डरींआधी हाताशी वेळ राहील.