१२० मिमीचा सैनिक रंगवताय? या चुका टाळा

५४ मिमीच्या फिगरवर, म्हणजे सैनिकाच्या छोट्या प्रतिकृतीवर, खपून जाणारी चूक १२० मिमीवर खपत नाही. साधारण १/१६ प्रमाणाच्या या सैनिकाचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा असतो आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डमधला ग्रेनेडियर घ्या: अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, गडद निळा कोट, छातीवर एकमेकांना छेदणारे पांढरे पट्टे, खांद्यावर लाल एपोलेट (झालरीचे खांदेपट्टे). देखणा विषय आहे, म्हणून नवशिके थेट त्याच्यावरच हात टाकतात. पुढे त्याच त्या चुका.

रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकची) फिगर न धुता रंग लावणे. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर फिगरवर राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, मग रात्रभर वाळवण. एवढं केलं नाही, तर पुढे मास्किंग टेपबरोबर प्रायमरही (रंगाआधी लावायचा पायाचा थर) निघून येतो. घासकाम पॉलिश पेपर ओला करून आणि तोंडाला मास्क लावूनच करा. रेझिनची पूड फुप्फुसात जाता कामा नये.

भूत पाहिल्यासारखे डोळे. पांढऱ्याशुभ्र डोळ्यात मधोमध काळा ठिपका हे दहापैकी आठ फिगरांचं दुखणं आहे. माणसाची बुबुळं साधारण १२ मिमीची, म्हणजे इथे पाऊण मिमी. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो. पूर्ण गोल दिसला की माणूस दचकलेला वाटतो. पांढऱ्यात त्वचेचा रंग थोडा मिसळून मळकट पांढरा करा. त्यावर आधी बुबुळ, मग बाहुली, वरच्या पापणीला गडद तपकिरी रेघ आणि खालच्या पापणीला फिकट लालसर. दोन्ही डोळ्यांतला चमकीचा ठिपका एकाच बाजूला हवा. नजर समोर ठेवण्यापेक्षा किंचित बाजूला वळवा. दोन्ही डोळे जुळवणं फार सोपं जातं. डोळा बिघडला तर डोळ्यातच गिरवत बसू नका, बाहेरून त्वचेच्या रंगाने पापणी पुन्हा आखा.

यासाठी ०००० नंबरचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश घेऊ नका. त्याच्या टोकावरचा रंग फिगरपर्यंत पोहोचायच्या आतच वाळतो. चांगल्या टोकाचा १ नंबरचा सेबल (प्राण्याच्या केसांचा) ब्रशच हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पॅलेटवरचं अ‍ॅक्रिलिकही पाच मिनिटांत चिकट होतं. स्टीलच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवला की तासभर निभतं.

शुद्ध काळा, शुद्ध पांढरा. पट्ट्यांना थेट पांढरा लावला की पुढे उजळ करायला जागाच उरत नाही. सुरुवात उबदार राखाडीने करा, शुद्ध पांढरा फक्त कडांवर. टोपीच्या काळ्यात गडद तपकिरी मिसळा. लाल एपोलेट उजळताना पांढरा घातला की गुलाबी होतं, तिथे नारिंगी किंवा त्वचेचा रंग घाला.

सगळ्या फिगरवर एकच वॉश (खाचांत साचणारा पातळ गडद रंग). छोट्या फिगरांसाठीचा हा शॉर्टकट कोटाच्या सपाट पाठीवर चहाच्या कपासारखी वर्तुळं सोडतो. सावली घडीतच, ब्रशने, पातळ थरांत द्या. तीन थर लागतात तिथे तीनच द्या, मधला प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या.

पावसाळ्यात स्प्रे वॉर्निश. ही चूक सगळ्यात महागात पडते. जुलैची संध्याकाळ, खिडकी उघडी, तीन आठवड्यांचं काम संपलेलं. धीर धरवत नाही, म्हणून मॅट (चमक नसलेल्या) वॉर्निशचा कॅन उचलला जातो. दहा मिनिटांत निळ्या कोटावर राख चोळल्यासारखी पांढरी झाक चढते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि वॉर्निशच्या थरात अडकते. मग घाबरून थिनरचा बोळा फिरवला जातो आणि कोटाचा रंगच उतरतो. हात लावू नका. दिवसभर वाळू द्या, मग ब्रशने ग्लॉस (चकचकीत) वॉर्निशचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा झाक नाहीशी होते. मॅट नंतर, कोरड्या दिवशी. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर कॅन कपाटातच राहू द्या आणि ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वापरा. कोरड्या हवेतही कॅन दोन मिनिटं हलवा, कारण मॅट करणारी पूड तळाशी बसते. फवारणी २०–२५ सेंमीवरून.

धातूचे रंग मॅटच्या आधी लावू नका, नाहीतर पितळ मातीसारखं दिसतं. टोपीवरची गरुडाची पितळी पाटी, बटणं, कानातली सोन्याची रिंग, हे सगळं मॅट पूर्ण वाळल्यावर. शेवटी दोन्ही डोळ्यांत टूथपिकच्या टोकाने ग्लॉसचा एकेक थेंब सोडा.