प्लवकाचा नमुना: जाळे पाण्यात सोडण्यापासून मोजणीपर्यंत

सागरी जीवशास्त्राच्या केंद्रात प्लवकजाळे, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणारे बारीक जीव (प्लवक) पकडायचे जाळे, ओढणे हे सगळ्यात सोपे काम वाटते. जाळे सोडले, ओढले, बाटली भरली. पण ते जीव किती पाणी गाळून आले याची नोंद नसेल, तर त्या बाटलीवरून पाण्यात कोण होते एवढेच सांगता येते. किती होते ते कधीच सांगता येत नाही. म्हणून आधी गाळलेल्या पाण्याचा हिशेब पक्का करायचा आणि मग बाटलीतले जीव शाबूत ठेवायचे.

जाळे आणि फ्लोमीटर

कोपेपॉडसारख्या (कोळंबीच्या वर्गातले बारीक जीव) प्राणीप्लवकासाठी २०० मायक्रॉन आसाचे (आस म्हणजे जाळ्याच्या छिद्राची रुंदी) जाळे घ्या, वनस्पतीप्लवकासाठी २० मायक्रॉनचे. आस जितका बारीक तितके जाळे लवकर तुंबते. त्यामुळे कापडातल्या छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ जाळ्याच्या तोंडाच्या किमान ३ पट हवे, आणि किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात ५ पट किंवा त्याहून जास्त. आखूड जाळे हाताळायला बरे पडते, पण तुंबले की पाणी आत न शिरता तोंडाच्या कडेने निघून जाते.

निघण्यापूर्वी जाळे उजेडासमोर धरून शिवणी तपासा. टाचणीएवढे भोक सिलिकॉनच्या थेंबाने बुजते. शिवण उसवली असेल तर बोटीवर टाके घालत बसू नका, राखीव जाळे घ्या.

फ्लोमीटर, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या पात्याच्या फेऱ्या मोजणारे यंत्र, तोंडाच्या मधोमध बांधू नका. तिथे दोऱ्यांच्या गाठीमुळे प्रवाह विस्कटतो. केंद्र आणि कडा यांच्या मध्यावर बांधा. आत गोडे पाणी भरावे लागणारे यंत्र असेल तर ते काठोकाठ भरा, कारण हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे चुकतात. डेकवर वाऱ्यानेही पाते फिरते. म्हणून सुरुवातीचा आकडा जाळे पाण्यात जाण्याच्या अगदी आधी वाचा आणि पाते बोटाने धरूनच जाळे सोडा. वर काढतानाही पाते लगेच धरा.

हिशेब

जनरल ओशनिक्स कंपनीच्या फ्लोमीटरच्या नेहमीच्या पात्यासाठी स्थिरांक २६८७३ आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतला फरक गुणिले २६८७३ भागिले ९९९९९९ केले की मीटरमध्ये अंतर मिळते. फरक ८६०० आला तर अंतर २३१ मीटर. ५० सेंमी व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, म्हणजे गाळलेले पाणी सुमारे ४५ घनमीटर.

हा आकडा बोटीवरच पडताळून बघा. दीड नॉट म्हणजे सेकंदाला ०.७७ मीटर, म्हणून ५ मिनिटांत साधारण २३१ मीटर व्हायला हवेत. फ्लोमीटरने १२० दाखवले तर जाळे तुंबले आहे, नाहीतर पात्यात शेवाळ किंवा दोरा अडकला आहे. दोन्ही बाबतींत तो नमुना टाकून पुन्हा ओढा. किनाऱ्यावर परतल्यावर तो दुरुस्त करता येत नाही.

ओढणे

वेग १ ते १.५ नॉट, वेळ ५ मिनिटे. वेग वाढवला की नाजूक जीव कापडावर चिरडतात, बारीक जीव दाबाने आसातून निसटतात. वेग फार कमी झाला तर जाळे खाली बसते आणि चपळ जीव तोंडासमोरून पळून जातात. जाळे बोटीच्या बाजूने सोडा, पंख्याच्या फेसात नको.

तिरके ओढत असाल तर खोली दोरीच्या लांबीवरून धरू नका. लांबीला दोरीने उभ्या रेषेशी केलेल्या कोनाच्या कोसाइनने गुणा. ३० मीटर दोरी ४५ अंशांत असेल तर जाळे २१ मीटरवर आहे, ६० अंशांत असेल तर फक्त १५ मीटरवर.

पाणी हिरवट असेल तर ५ मिनिटांचा हट्ट सोडा. २ मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या करा आणि प्रत्येकीचे आकडे वेगळे लिहा. वेळ नोंदवायला विसरू नका. बरेच प्राणीप्लवक दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात, त्यामुळे दुपारचा नमुना रात्रीच्या नमुन्याशी थेट ताडता येत नाही.

धुणे आणि टिकवणे

सर्वात जास्त नमुने इथे बिघडतात. जाळे वर टांगून बाहेरून, वरून खाली, समुद्राच्या पाण्याने धुवा. तोंडातून आत पाणी मारले तर न गाळलेल्या पाण्यातले जीव नमुन्यात मिसळतात. गोडे पाणी तर अजिबात नको, त्याने मऊ जीव फुगून फुटतात.

जाळ्याच्या तळाची बादली उन्हात ठेवू नका. तिच्यात बाणकृमी (बाणाच्या आकाराचे शिकारी प्लवक) कोपेपॉड खातच राहतात, म्हणून उशीर केला तर मोजणी बदलते. टेनोफोर (जेलीफिशसारखे दिसणारे पारदर्शक जीव) आणि जेलीफिश आधीच चमच्याने वेगळे काढा, मोजा, आकारमान लिहा. बरेच टेनोफोर फॉर्मलिनमध्ये विरघळून नुसता चिकट गाळ राहतो.

बाजारी फॉर्मलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असते. ५०० मिलीच्या बाटलीत ५० मिली फॉर्मलिन आणि ४५० मिली नमुना व समुद्राचे पाणी, म्हणजे बाटलीत सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. खाली बसलेले प्लवक बाटलीच्या पाव भागापेक्षा जास्त असेल तर दोन बाटल्या करा, नाहीतर आतले जीव कुजतात. फॉर्मलिनच्या साठ्यात बोरॅक्स विरघळायचा थांबेपर्यंत घाला आणि तळाशी थोडा साका राहू द्या. बोरॅक्स नसेल तर द्रव आम्लधर्मी होतो आणि टेरोपॉड (तरंगत्या गोगलगायी) व शिंपल्यांच्या अळ्यांची कवचे नाहीशी होतात. आठवड्याने सामू (pH) तपासा, तो ८ च्या आसपास हवा.

डीएनएचे काम करायचे असेल तर फॉर्मलिन घालण्यापूर्वीच नमुना विभागा. तो भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि २४ तासांनी इथेनॉल बदला.

फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा, बोटीवर वाऱ्याकडे पाठ आणि प्रयोगशाळेत धूरकपाट (वाफा बाहेर ओढणारे कपाट), यात सवलत नाही.

लेबल बाटलीच्या आत ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने लिहा. बाहेरची शाई फॉर्मलिनच्या एका थेंबाने पुसली जाते. स्थान, तारीख, वेळ, आस, खोली, फ्लोमीटरचे दोन्ही आकडे, हे सगळे त्यावर हवे.

मोजणी

नमुना जाळ्यापेक्षा बारीक आसाच्या चाळणीवर धुऊन फॉर्मलिन काढा आणि ते धुवण टाकाऊ रसायनांच्या डब्यातच जमा करा. मोठे, विरळ जीव संपूर्ण नमुन्यातून आधी मोजून घ्या, कारण उपनमुन्यात ते सापडतीलच असे नाही. मग उरलेला नमुना ५०० मिली करून ढवळा, पण गोल नव्हे, आठच्या आकड्यासारखा. गोल ढवळले की जीव एका जागी जमतात. ढवळणे चालू असतानाच स्टेम्पेल पिपेटने (ठरावीक आकारमान उचलणारी रुंद तोंडाची नळी) १० मिली घ्या आणि बोगोरोव्ह ट्रेमध्ये (मोजणीसाठी नागमोडी खाच असलेली थाळी) मोजा. त्यात १२० कोपेपॉड आले तर एकूण ६०००, आणि ४५ घनमीटरला भागले की घनमीटरला १३३. शंभराहून कमी जीव भरले तर आणखी १० मिली घ्या.

जाळे त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हाने नायलॉन कमकुवत होते, आणि आसांत वाळलेले मीठ व चिखल पुढच्या फेरीत जाळे पहिल्याच मिनिटाला तुंबवतात.